अवसेचा झूलवाला

आमच्या घरी कॉमिक्स अमावास्येला यायचं. यात गूढ काही नव्हतं. अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत हा आमच्याकडचा नेम, आणि औत नाही म्हटल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजारातून परतायची घाई नसायची. एरवी ते उजाडताना गुलाबाच्या जुड्या मोपेडला बांधून नाशिकच्या फूलबाजारात जात आणि ऊन तापायच्या आत मखमलाबादच्या पुढे आमच्या मळ्यावर हजर होत. अमावास्येला मात्र ते गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, निवांत चहा पीत, दोन ओळखीच्यांशी बोलत, आणि रविवार कारंजाच्या बाजूला फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडून माझ्यासाठी एक कॉमिक्स उचलून आणत. निवड वगैरे काही नाही. वरच्या चित्रात मारामारी दिसली की झालं.

पहिलं कॉमिक्स आलं ते पोळ्याच्या दिवशी, कारण पोळाही अमावास्येचाच. मुखपृष्ठावर हिरव्या घट्ट कपड्यांतला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक माणूस आकाशातून खाली झेपावत होता. छातीवर पिवळा सूर्य आणि पाठीवर फडफडणारं लाल कापड. बाबांनी, म्हणजे आजोबांनी, ते पुस्तक हात लांब करून डोळे बारीक करून पाहिलं. समोर अंगणात आमचे दोन्ही बैल सजून उभे होते. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर आईनं घरी शिवलेल्या लाल झुली, त्यांना बारीक आरसे आणि कडेनं गोंडे. बाबांनी एकदा बैलांकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे.

"या गड्याला झूल कशापायी घातली?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून तो आमच्या घरात झूलवाला झाला. त्याचं छापील नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आमच्या मळ्यावर कधी रुजलंच नाही. बाबांचं म्हणणं, अवसेच्या दिवशी असं तोंड झाकलेलं माणूस घरात आणू नये, आणि आणलंच तर देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवू नये. म्हणून माझी सगळी कॉमिक्स गोठ्यातल्या कोनाड्यात राहायची. अजूनही एखादं जुनं कॉमिक्स हातात आलं की मला कागदाच्या वासाच्या आधी कडब्याचा वास येतो.

मी तेव्हा पाचवीत होते. शाळेत हिंदी नुकतंच सुरू झालं होतं आणि कॉमिक्स सगळी हिंदीत. त्यामुळे माझं हिंदी फार लवकर सुधारलं, पण ते फक्त धमक्या देण्यापुरतं. वर्गात बाईंनी पाणी मागायचं वाक्य विचारलं तर मी अडखळायचे. दुष्टांचा सर्वनाश करायचा असता तर मात्र मी एका दमात केला असता.

वाचायची वेळ संध्याकाळची. पडवीत आई सकाळसाठी तोडलेल्या कळ्या निवडायची, काटे खुडायची, जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवायची, आणि मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे. हिंदी वाक्य वाचायचं, मग त्याचं मराठी करून सांगायचं, मग पुस्तक उलटं धरून तिला चित्र दाखवायचं. तिचे हात कधी रिकामे नसत. ती चित्राकडे नुसती मान वळवून बघायची आणि शेरा मारायची. आज मी पुस्तकांवर चार शब्द लिहिते, लोक ते वाचतातही, पण तिच्याइतकी नेमकी दाद द्यायला मला अजून जमलेलं नाही.

तिचा पहिला प्रश्न होता, याची आई कुठाय. मी पानं मागेपुढे केली. आई नव्हती, लहानपणीच वारली होती. पुढच्या अमावास्येला दुसराच नायक आला, पाण्याखाली श्वास घेणारा, त्याचीही आई नाही. पुढे आलेल्या तिसऱ्याचे तर दोन्ही गेलेले. आई म्हणाली, घरात कुणी विचारणारं असतं तर यांना उडू दिलं असतं होय. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, एवढ्या एका वाक्यात तिनं त्या सगळ्या धंद्याचं मर्म सांगून टाकलं.

माझ्याही तक्रारी होत्या, नाही असं नाही. खलनायक फार बोलायचा. समोर झूलवाला साखळदंडात सापडलेला असताना त्याला मारायचं सोडून हा आपला बेत पानभर समजावून सांगणार. मला तर वाटायचं, याला बोलायला घरी कुणी नसावं. दुसरं म्हणजे बायका. कॉमिक्समधल्या बायकांना एकच काम, उंचावरून पडणे. इमारतीवरून पडायच्या, विमानातून पडायच्या, एक तर धरणावरून पडली. आमच्या मळ्यावर बायका विहिरीच्या काठावरून घमेली घेऊन दिवसभर जात-येत, एकही पडली नव्हती. मी पेन्सिल घेऊन एका पडणाऱ्या बाईच्या पाठीवर झूल काढली आणि तिच्या तोंडातलं "बचाओ" खोडून टाकलं. ते पान माझ्या मते त्या वर्षातलं सर्वांत चांगलं पान होतं.

दिवाळीची अमावास्या कोरडी गेली. लक्ष्मीपूजनाला झेंडूची झुंबड, अण्णा तीन दिवस बाजारातच, कॉमिक्सची आठवण कोणाला राहणार. मी रुसून बसले. आईनं करंजी पुढे केली तीही घेतली नाही, आणि मग ती बाबांनी माझ्यादेखत खाल्ली. त्याची भरपाई पुढच्या महिन्यात झाली, पण भलत्याच रीतीनं. त्या अंकात झूलवाला मेला. शेवटच्या चित्रात तो ढिगाऱ्याखाली पडलेला, लाल झूल फाटलेली, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अंत'. आईचे हात थांबले. असं फार क्वचित व्हायचं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि कांदा चिरलेला नसताना पुसलं, म्हणजे ती खरंच रडली होती. रात्री मी गोड काही खाल्लं नाही. बाबा म्हणाले, आता काय सुतक पाळता का त्या झाकल्या तोंडाच्याचं.

पुढच्या अमावास्येला तो जिवंत होऊन आला. ना खुलासा, ना माफी. फुटपाथवरच्या ढिगात अंक पुढचेमागचे झालेले असत, हा आधीचा कुठलासा अंक होता, पण ते आम्हाला काय ठाऊक. आई फार चिडली. मेलेला माणूस असा हसत परत आला तर रडणाऱ्यानं तोंड कुठे लपवायचं, असं तिचं म्हणणं. मी मात्र खूश झाले. मला हीच रीत योग्य वाटली, आणि आजही वाटते. आपली माणसं अशीच मागच्या अंकातून परत यावीत.

त्याच अंकात ते प्रकरण होतं, ज्यानं माझी झोप उडवली. झूलवाला एरवी एका कचेरीत कारकून असतो. मवाळ, चष्मेवाला, सगळ्यांची बोलणी खाणारा. गावावर संकट येतं तेव्हा तो गुपचूप कपडे बदलून सगळ्यांना वाचवतो आणि परत येऊन टेबलाशी बसतो. मग साहेब त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणतो, कुठे लपला होतास म्हणतो, आणि त्याच्या गालफडात मारतो. हा खाली मान घालतो. बस, एवढंच. मी वाचता वाचता पुस्तक आपटलं. मीच आहे तो, असं सांगून का टाकत नाही? आईला विचारलं तर तिनं जुडीची गाठ दातांनी ओढली आणि म्हणाली,

"सांगून टाकलं का मंग संपलं. मंग त्याचं त्याच्यापाशी काय राहिलं?"

मला काही ते पटलं नाही. मला वाटलं, ही जुन्या वळणाची बाई, हिला सोसायचीच सवय. मी असते तर सांगितलं असतं, टेबलावर चढून सांगितलं असतं.

आणि तशी संधी आलीच. शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असायची. मुलींनी काय व्हायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. इतिहासातल्या थोर स्त्रिया, नाहीतर कोळीण, नाहीतर भाजीवाली. मी तीन वर्षं भाजीवाली झाले होते, कारण भाजी घरचीच होती. त्या वर्षी मी बाईंना सांगितलं, मी झूलवाला होणार. बाईंना नाव कळलं नाही, आणि मी छापील नाव सांगितलं तेही कळलं नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, बरं, छान कर.

पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हते. झूलवाल्याचं एक वाक्य मी पाठ केलं, "अन्याय जहाँ, मैं वहाँ", आणि ते मी कोंबड्यांना, विहिरीला आणि बाबांना ऐकवत होते. सगळ्या गावासमोर मी एकदाची कोण आहे ते दाखवून देणार होते. वर्गातली पोरं मला 'फूलवाली' म्हणायची, कारण माझ्या दप्तराला, डब्याला, केसांना गुलाबाचा वास. आता फूलवाली कोण ते त्यांना कळणार होतं. आईनं चुलतभावाची हिरवी पँट माझ्या मापाची केली. छातीवरचा सूर्य तिनं आपल्या पिवळ्या ब्लाउजमधून कापून माझ्या शर्टावर टाचला. त्या ब्लाउजच्या जोडीची साडी तिच्याकडे होती आणि पुढे ती कधी नेसता आली नाही, हे मला खूप नंतर कळलं. राहिली झूल. लाल कापड विकत आणायचा विषयच नव्हता. आईनं पेटीतून डाव्या बैलाची झूल काढली.

आमच्या बैलांना नावं नव्हती. जो जुवात डाव्या अंगाला चालायचा तो डावा, दुसरा उजवा. डावा लहान चणीचा आणि शांत, म्हणून त्याची झूल मला बेतानं बसेल. बाबा म्हणाले, बैलाची वस्तू माणसाच्या अंगावर घालू नये. आई म्हणाली, डाव्याला विचारून घेतलीय. आरसे आणि गोंडे काढायला ती तयार नव्हती, पोळ्याला परत लावायचे कोणी? शिवाय तिचा हिशेब असा, की स्टेजवर मोठा दिवा असतो, आरसे चमकतील, पोरगी लखलखून दिसेल. मलाही ते पटलं. चुकलो आम्ही दोघी तिथेच. ज्या घरात उठताबसता झूलवाला झूलवाला म्हणतात, त्या घराला झूल बघून जगाला दुसरं काय आठवतं, हे सुचणार कसं?

संमेलनाच्या संध्याकाळी आई शाळेत आली. ती पहिल्यांदाच आली होती. संध्याकाळ म्हणजे जुड्या बांधायची वेळ. त्या दिवशी ते काम तिनं अण्णांवर टाकलं होतं आणि अण्णा काट्यांना शिव्या घालत बसले होते. बायकांच्या बाजूला पुढच्या सतरंजीवर ती अवघडून बसली होती. मी पडद्याआडून बघितलं, ती कोणाशी बोलत नव्हती, फक्त स्टेजकडे बघत होती.

माझ्या आधी एक थोर स्त्री भाषण विसरून रडत आत आली. मग मला ढकललं गेलं. हिरवी पँट, डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर झूल. वेण्या दुमडून लाल रिबिनींनी बांधलेल्या, त्या पट्टीच्या गाठीत अडकून दोन बाजूंना ताठ उभ्या राहिल्या होत्या, पण ते मला दिसत नव्हतं. मी हात पसरून धावत स्टेजच्या मध्ये आले. आरसे चमकले. गोंडे उडाले. मी तोंड उघडलं.

पण मागच्या अंगानं कोणीतरी ओरडलं, "आरं नंदीबैल! नंदीबैल आला!"

सगळा मंडप हसला. हे चिडवणारं हसू नव्हतं, ते खरोखर आनंदलेले होते. आमच्याकडे सुगीनंतर नंदीबैलवाला येतो, सजवलेला बैल घेऊन, ढोल घासून गुबूगुबू वाजवतो, आणि लोक प्रश्न विचारतात तेव्हा बैल मान हलवून उत्तर देतो. ढोलकीवर बसलेल्या सरांनी लगेच तो आवाज काढला. माईकवरच्या बाईंच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांनी माझा वेश समजल्याचा आनंद पसरला. त्यांनी विचारलं, नंदीबैला, यंदा पाऊसपाणी चांगलं होईल का?

मी तशीच उभी. "अन्याय जहाँ" ओठांवर आलेलं. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी नंदीबैल नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी आईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि तोंड उघडलेलं होतं, आता ती ओरडून सगळ्यांना सांगणार होती. एवढ्या माणसांत कधी शब्द न काढणारी माझी आई माझ्यासाठी ओरडणार होती. आणि मला एकदम तो कारकून आठवला. गाल चोळत टेबलाशी बसलेला. सांगून टाकलं की संपलं.

मी तिच्याकडे बघून अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. आईला ते कळलं. मंडपाला वाटलं, पाऊस पडणार नाही. हसणं थांबलं, मागून कोणीतरी च्च च्च केलं. बाईंनी घाबरून परत विचारलं, नीट सांग, पाऊस पडेल ना? तेव्हा मी वरून खाली अशी जोरात मान हलवली, गोंडे नाचले, आणि टाळ्यांनी मंडप दणाणला. मग मी कांद्याला भाव मिळेल म्हणाले, गावात रस्ता होईल म्हणाले, मुख्याध्यापकांची बदली होईल का यालाही मान हलवली आणि सर्वांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. उत्कृष्ट नंदीबैल म्हणून मला पहिलं बक्षीस मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा.

घरी येताना रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मी झूल काढलेली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. इतके दिवस वाट पाहिली होती मी, आणि मला कोणीच ओळखलं नव्हतं. मग आईनं सांगितलं, शेजारच्या बाईनं विचारलं, तो नंदीबैल तुमची पोरगी का?

"मंग काय म्हणलीस?"

"म्हणलं, हो. आमचाच नंदी हाय."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसायला लागले. मखमलाबादच्या त्या रस्त्यावर आम्हा दोघींनाच ठाऊक होतं की नंदीबैलाच्या वेशात कोण घरी चाललंय. मला त्या क्षणी जे वाटलं ते टेबलावर चढून ओरडल्यानं वाटलं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. बाबांना घरी गेल्यावर डबा दाखवला. ते म्हणाले, अवसेचं पुस्तक शेवटी काहीतरी घरात घेऊन आलं म्हणायचं.

पुन्हा पोळा आला. आदल्या संध्याकाळी आईनं झुली काढल्या आणि माझ्या शर्टावरचा पिवळा सूर्य उसवून डाव्याच्या झुलीला टाचला. मला वाटलं वर लावेल, मिरवणुकीत सगळ्यांना दिसेल असा. तिनं तो आतल्या बाजूला लावला, पाठीला टेकेल असा. बाबांनी विचारलं, उलटा का शिवतेस. ती म्हणाली, त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी डावा वाजतगाजत मारुतीपर्यंत गेला. लोकांनी त्याला बैलच समजून पुरणपोळी खाऊ घातली. मी त्याच्या बाजूनं चालत होते आणि मान वर करून चालत होते.

त्या अमावास्येलाही कॉमिक्स आलं, पुढेही काही महिने येत राहिलं. मग फुटपाथवरचा तो माणूस दिसेनासा झाला, घरात रंगीत टीव्ही आला, मीही हायस्कुलात गेले. कोनाड्यातली कॉमिक्स कडब्याबरोबर हळूहळू कुठे गेली कळलं नाही. काही उंदरांनी वाचली, काही गुलाबाभोवती गुंडाळली जाऊन बाजारात पोचली. झूल काढलेल्या त्या बाईचं पान तरी मी फाडून ठेवायला हवं होतं. ते नाही, याची हळहळ अजून वाटते.

नंतर, मी नाशिकला कॉलेजात असताना, अण्णांनी ट्रॅक्टर घेतला. उजवा आधीच म्हातारा होऊन गेला होता. डाव्याला सिन्नरकडच्या एका शेतकऱ्यानं मागितलं. माणूस चांगला होता, हलक्या कामाला जपून वापरीन म्हणाला, आणि तसं त्याच्याकडे बघून वाटतही होतं. मी मुद्दाम घरी आले होते. टेम्पो अंगणात उभा होता. डाव्याला वर चढवलं तेव्हा आई आत गेली आणि पेटीतून झूल घेऊन आली. तो माणूस म्हणाला, राहू द्या ताई, पोळा लांब आहे, झूल माझ्याकडे आहे. अण्णाही म्हणाले, आपल्याकडे आठवण म्हणून राहू दे. आईनं कोणाचं ऐकलं नाही. टेम्पोत चढून तिनं ती स्वतः डाव्याच्या पाठीवर घातली, आतला सूर्य बरोबर मध्ये येईल अशी सारखी केली, आणि खाली उतरली. मी तिच्या शेजारी उभी होते. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघींनीही सांगून टाकलं असतं.

टेम्पो वळणावरून गेला तेव्हा लाल झूल वाऱ्यानं थोडी वर उचलली. सिन्नरच्या त्या माणसाला अजून ठाऊक नाही, त्या दिवशी तो कोणाला घेऊन गेला.